एकाच ताग्यातली भावंडं

भावंडांना एकसारखे कपडे घालावेत का, हा प्रश्न आपल्याकडे तसा अलीकडचा. प्रथा मात्र जुनी. दिवाळीच्या महिनाभर आधी शिंप्याकडे कापड टाकायचा शिरस्ता ज्या घरांत होता, तिथे याचं उत्तर कापडाच्या दुकानातच ठरून जायचं. एका ताग्यातून सलग कापड फाडून घेतलं की स्वस्त पडायचं. शिंपी ते बेतताना थोरलीच्या फ्रॉकच्या घेरातून उरलेल्या तुकड्यात धाकट्याचा बुशशर्ट बसवायचा. प्रत्येकाला वेगळं कापड घेतलं असतं तर प्रत्येक कापडाचा तुकडा वाया गेला असता. पन्हा मोठा असेल तर काम आणखी सोपं. मग एकाच फुलाफुलांच्या चिटात दोन बहिणी, एक भाऊ आणि उरलंच तर उशीचा अभ्रा, हे चित्र मध्यमवर्गीय घरांत अगदी सर्रास दिसायचं.

त्या आईवडिलांनी मुलांच्या आवडीनिवडीचा विचार केला नाही, असं आज म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांच्या डोळ्यांसमोर वेगळी काळजी होती, दुजाभावाची. एकत्र कुटुंबात ती फार खरी होती. एका भावाची नोकरी चांगली, दुसऱ्याचं दुकान तोट्यात, तिसरा कायमचा आजारी; पण दिवाळीच्या पहाटे अंगणात फुलबाज्या उडवणारी सगळी चुलत भावंडं एकाच कापडात. कुणाच्या बापाची मिळकत किती, हे पोरांच्या अंगावरून कळू द्यायचं नाही, असं घरातल्या म्हाताऱ्या बाईने ठरवलेलं असायचं. तिने त्याला समता वगैरे नाव दिलं नव्हतं. पण ज्या मुलाचा बाप कमी कमावत होता, त्याच्यासाठी त्या शर्टाची किंमत काय होती, हे त्यालाच ठाऊक. एकसारख्या कपड्यांच्या बाजूने आजवर जे काही बोललं गेलं आहे, त्यात मला हा सगळ्यात भक्कम मुद्दा वाटतो.

शिवाय कापड हवं तेवढं मिळतच होतं असंही नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1943 मध्ये, सरकारने सुती कापड आणि सुतावर नियंत्रण आणलं. त्या काळातल्या घरांत ‘कंट्रोलचं कापड’ हा शब्द रुजला तो तेव्हापासून. जे मिळेल ते घ्यायचं आणि त्यात सगळ्यांचं भागवायचं, तिथे नक्षी निवडणार कोण? नंतरच्या काळात गिरण्यांचं कापड भरपूर आलं, गिरण्यांच्या स्वतःच्या दुकानांतून ते रास्त भावात मिळू लागलं, तरी पद्धत टिकली. ती खऱ्या अर्थाने सुटली तयार कपड्यांनी. मापाप्रमाणे टांगलेले कपडे मुलाला दाखवता येऊ लागले, आणि दाखवले की मूल बोट दाखवून सांगणारच, मला हा हवा. मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप 18 जानेवारी 1982 ला सुरू झाला. त्यानंतरच्या दोन दशकांत गिरणगाव ओस पडलं, आणि कापड विकत घेऊन शिवायची सवयही शहरांतून हळूहळू विरली.

म्हणजे आज जे आईवडील दोन मुलांना एकसारखं सजवतात, त्यांना ते काटकसरीपोटी करावं लागत नाही. उलट त्यासाठी जादा पैसे मोजावे लागतात. पैठणीच्या काठाचा फ्रॉक, त्याच काठाचा कुर्ता, बाबांचं जाकीट आणि आईचा ब्लाऊज असा अख्ख्या घराचा संच गणपतीच्या आधी बाजारात येतो. पूर्वी जे वाचवण्यासाठी केलं जायचं ते आता दिसण्यासाठी केलं जातं. दिसण्याची हौस काही वाईट नाही. फक्त काटकसरीला जी सूट आपण सहज दिली असती, ती हौसेला देताना थोडं थांबून पाहायला हवं.

पाहायचं ते आधी धाकट्याच्या बाजूने. थोरल्याचे कपडे धाकट्याला हा आपल्याकडचा नियमच. आता थोरल्या आणि धाकट्या बहिणीचे फ्रॉक एकाच कापडाचे शिवले, तेही वाढत्या अंगाचे, शिलाईत माया आणि खाली टक्स ठेवून. थोरलीचा फ्रॉक दोन वर्षांनी तोकडा झाला की तो धाकटीकडे येतो. तोवर धाकटीने तसलाच फ्रॉक दोन वर्षं वापरून टाकलेला असतो. त्यामुळे थोरलीला जो फ्रॉक दोन दिवाळ्या पुरला, तो धाकटीच्या अंगावर चार दिवाळ्या. वर पाहुणे म्हणणार, ‘अगंबाई, अजून तोच!’ एकसारखेपणात दोघींना सारखं मिळतं असं मोठ्यांना वाटतं. धाकटीच्या हिशेबात तसं नसतं. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’त श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतो, ती गोष्ट मराठी वाचकाला इतकी का लागते, याचं एक कारण मला इथे दिसतं. त्या लहानग्याला जे मिळतं ते नवं तर असतंच, शिवाय त्याच्यासाठी म्हणून, त्याचं माप मनात धरून शिवलेलं असतं.

थोरल्यावरही भार पडतो, पण वेगळा. इंग्लंडच्या राजघराण्यातल्या एलिझाबेथ आणि मार्गारेट या बहिणींत चार वर्षांचं अंतर. तरी लहानपणी दोघींना बराच काळ सारखाच पोशाख असे. 1930 च्या दशकातली छायाचित्रं पाहिली तर अकरा वर्षांची भावी राणी आणि तिची धाकटी बहीण एकाच बेताच्या कपड्यांत उभ्या दिसतात. अकरा वर्षांच्या मुलीला सहा-सात वर्षांच्या मुलीसारखं दिसायचं नसतं. धाकटी मोठी दिसते म्हणून खूश, थोरली लहान दिसते म्हणून नाराज, हे आपल्या घरांतही दरवर्षी घडतं.

जुळ्यांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे आणि या प्रश्नावर जे शास्त्रीय काम झालं आहे ते बहुतेक जुळ्यांमुळेच. फ्रान्सिस गॉल्टनने 1875 मध्ये जुळ्यांचा अभ्यास मांडला तेव्हापासून संशोधकांना एक शंका सतावत होती. एकबीज जुळी, म्हणजे एकाच फलित अंड्यापासून झालेली, स्वभावाने इतकी सारखी असतात ती रक्तामुळे, की लोक त्यांना सारखं वागवतात म्हणून? सारखं वागवण्याची पहिली ठळक खूण म्हणजे सारखे कपडे. त्यामुळे कपड्यांचा प्रश्न थेट संशोधनाच्या प्रश्नावलीत आला.

अमेरिकेत जॉन लोहलिन आणि रॉबर्ट निकोल्स यांनी 850 जुळ्या जोड्यांचा अभ्यास 1976 मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. 1962 मध्ये शिष्यवृत्तीची राष्ट्रीय परीक्षा दिलेली ही मुलं. त्यात 514 जोड्या एकबीज, 336 द्विबीज, आणि प्रत्येक जोडीत दोघे मुलगे किंवा दोघी मुली. लहानपणी सारखे कपडे घातले होते का, एकत्र खेळायचे का, एका खोलीत झोपायचे का, आईवडिलांनी मुद्दाम सारखं वागवलं का, हे त्यांनी विचारलं आणि दोघांचे स्वभाव किती जुळतात याच्याशी ताडून पाहिलं. एकबीज जुळ्यांना जास्त वेळा सारखे कपडे घातले जातात, हे खरं निघालं. पण एकबीज जोड्यांच्या आतच तुलना केली तेव्हा सारखे कपडे घातलेल्या जोड्या स्वभावाने अधिक सारख्या निघाल्या, असं झालं नाही. संबंध जवळजवळ शून्य. मिनेसोटा विद्यापीठात 1979 पासून थॉमस बुशार्ड यांनी वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांचा जो अभ्यास केला, तोही याच बाजूने बोलतो. ज्यांनी आयुष्यात एकदाही सारखा शर्ट एकत्र घातला नव्हता, असे एकबीज जुळे भाऊ बऱ्याच बाबतींत एका घरात वाढलेल्या जुळ्यांइतकेच एकमेकांसारखे निघाले.

यातून काय घ्यायचं? सारख्या कपड्यांनी मुलांचे स्वभाव एका साच्यात बसत नाहीत, एवढं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. जी आई आपल्या जुळ्यांना वाढदिवसाला सारखं झबलं-टोपडं घालते, तिने ‘आपण यांचं व्यक्तिमत्त्व मारतोय का’ ही टोचणी मनाला लावून घेऊ नये. पण हे अभ्यास स्वभावाच्या मोजमापाबद्दल बोलतात. त्या मुलाला रोज काय वाटत होतं, शाळेत त्याला नावाने हाक मारली जायची की ‘ए जुळ्या’ म्हणून, वाढदिवसाला दोघांत एकच भेट यायची का, यातलं काही त्या आकड्यांत उतरत नाही. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रने झाझो यांनी 1960 मध्ये जुळ्यांना एक ‘जोडी’ म्हणून पाहिलं. त्यांच्या मते जुळी एकमेकांच्या सोबतीनेच एकमेकांपासून वेगळी होतात. एक पुढारी, दुसरा मागे. एक बोलका, दुसरा ऐकणारा. म्हणजे वेगळं होण्याची ओढ मुलांत असतेच. बाहेरच्यांनी दोघांना एकच समजण्याचा हट्ट धरला, तर ती ओढ अवघड होते.

हा हट्ट टोकाला गेला तर काय होतं याचं जगातलं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कॅनडातलं आहे. 28 मे 1934 ला ओंटारिओ प्रांतात डिऑन कुटुंबात पाच जुळ्या मुली जन्मल्या आणि पाचही जगल्या. प्रांताच्या सरकारने त्यांना आईवडिलांकडून काढून आपल्या पालकत्वाखाली घेतलं. घरासमोरच त्यांच्यासाठी वेगळं रुग्णालयवजा घर बांधलं, आणि त्यांचं खेळण्याचं अंगण लोकांना पाहता येईल अशी सोय केली. पुढच्या काही वर्षांत सुमारे तीस लाख माणसं त्यांना पाहून गेली. पाच मुली, पाच सारखे फ्रॉक, पाच सारख्या टोप्या. जाहिराती, बाहुल्या, कॅलेंडरं. ओळखता यावं म्हणून प्रत्येकीला एक रंग आणि एक चिन्ह नेमून दिलं होतं. प्रत्येकीची ओळख तिच्या खुणेपुरती उरली. 1998 मध्ये ओंटारिओ सरकारने हयात असलेल्या तिघींना 40 लाख कॅनेडियन डॉलर भरपाई दिली. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत एका बाईला सात मुलं एकदम झाली, तेव्हा या तिघींनी त्या आईवडिलांना जाहीर पत्र लिहून विनवलं होतं की मुलांना प्रदर्शनाची वस्तू होऊ देऊ नका.

डिऑन बहिणींचं दुःख फ्रॉकमुळे नव्हतं, हे उघड आहे. पण तो फ्रॉक प्रेक्षकांसाठी होता. आणि आजच्या प्रश्नात मला इथेच खरी चिंता वाटते. चार वर्षांचा भाऊ आणि दोन वर्षांची बहीण सारख्या कपड्यांत दिसली की फोटो काढला जातो, तो समाजमाध्यमांवर जातो, लोक ‘किती गोड’ म्हणतात, आणि पुढच्या सणाला तोच पोशाख ‘लोकांना आवडतो’ म्हणून पुन्हा ठरतो. फ्रान्सने फेब्रुवारी 2024 मध्ये मुलांच्या छायाचित्रांच्या हक्काबाबत स्वतंत्र कायदा केला; मुलाचा फोटो सगळ्यांपुढे ठेवताना त्याच्या खाजगीपणाचा विचार करणं ही आईवडिलांची जबाबदारी आहे, असं त्यात धरलं आहे. आपल्याकडे तेवढा कायदा नसला तरी घरात एवढं विचारता येतं, की हा पोशाख मुलांसाठी आहे, आपल्यासाठी आहे, की बघणाऱ्यांसाठी. पहिली दोन्ही उत्तरं मला मान्य आहेत.

एकसारख्या कपड्यांच्या बाजूने आणखीही काही सांगण्यासारखं आहे आणि ते डावलणं बरोबर नाही. 2011 मध्ये यॅरो डनहॅम आणि सहकाऱ्यांनी पाच वर्षांच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. मुलांना चिठ्ठी टाकावी तसं कुठल्यातरी रंगाच्या गटात घालून त्या रंगाचा टीशर्ट दिला. एवढ्यावरच मुलांना आपल्या रंगाची, पूर्वी कधी न पाहिलेली मुलं जास्त आवडू लागली आणि त्यांच्याबद्दलच्या चांगल्या गोष्टी जास्त लक्षात राहिल्या. कपड्याचा रंग लहान मुलाच्या मनात ‘आपलं माणूस’ ही जाणीव इतक्या सहज जागी करतो. मग नव्या बाळाच्या येण्याने बावरलेल्या चार वर्षांच्या ताईला आणि त्या बाळाला बारशाच्या दिवशी एकाच कापडाचं शिवलं, तर तिला आपण अजून आतच आहोत असं वाटायला मदत होऊ शकते. प्रयोग अनोळखी मुलांवरचा होता, हे धरूनही मला ही कल्पना पटते. कित्येक आज्यांनी ती कुठलाही प्रयोग न वाचता अमलात आणली आहे.

गर्दीतला उपयोगही खराखुरा आहे. यात्रेत, वारीच्या वाटेवर, कुंभमेळ्यात, समुद्रकिनाऱ्यावर दोन मुलं सारख्या भडक रंगात असतील तर नजर चटकन जाते. आणि एक हरवलंच, तर दुसऱ्याकडे बोट दाखवून पोलिसाला सांगता येतं, असाच शर्ट. घाबरलेल्या आईला अशा वेळी मुलाने काय घातलं होतं हेही आठवत नाही. एकबीज तान्ह्या जुळ्यांचं मात्र नेमकं उलट. रात्री तीन वाजता औषधाचा थेंब कुणाला दिला आणि कुणाला नाही, याचा घोळ सारख्या झबल्यांत सहज होतो. एकाच्या पायात काळा दोरा, एकाच्या नखाला रंग, असे उपाय घराघरांत चालतात. रोजचे कपडे दोन वेगळ्या रंगांचे ठेवले तर ते बरंच सोपं.

वयाचाही मुद्दा आहे. साधारण दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान बहुतेक मुलं आरशातलं प्रतिबिंब आपलंच आहे हे ओळखू लागतात. त्याआधी काय घातलंय हा प्रश्न फक्त मोठ्यांचा. त्यानंतर लवकरच ‘माझं’, ‘मी घालणार’, ‘हा नको’ सुरू होतं. शाळा सुरू झाली की दिवसाचे कित्येक तास गणवेशात जातात. मग जे थोडे कपडे मुलाच्या हाती उरतात, त्यातली निवडही आपण काढून घ्यायची का? भारताने 1992 मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमात, ज्या गोष्टी मुलाला लागू होतात त्यांत त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं, असं म्हटलं आहे. ते कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मोठे प्रश्न असणार, पण मुलाला म्हणणं मांडायची सवय लागते ती अशा लहान गोष्टींतूनच.

आणि दुजाभावाचं काय? ज्या भीतीपोटी आजीने एकाच ताग्यातून सगळ्यांना शिवलं, ती भीती अजून आहे. 1997 मध्ये अमांडा कोवाल आणि लॉरी क्रेमर यांनी अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांना विचारलं, की आईवडील तुला आणि तुझ्या भावंडाला वेगळं वागवतात का, आणि ते बरोबर वाटतं का? मुलांना फरक दिसत होता. पण बहुतेक वेळा त्यांना तो अन्याय वाटत नव्हता. धाकटा लहान आहे, तिला गरज जास्त आहे, अशी कारणं ती स्वतःच देत होती. आणि ज्यांना फरकामागचं कारण पटलं होतं त्यांचं भावंडाशी नातंही चांगलं होतं. सारखं देणं हा न्यायाचा एक मार्ग झाला. कारण सांगून वेगळं देणं हा दुसरा, आणि मुलं जरा मोठी झाली की तोच त्यांना जास्त कळतो. एकत्र कुटुंबात पंधरा मुलांना कारणं समजावणं शक्य नव्हतं. दोन मुलांच्या घरात ते शक्य आहे.

एकसारखं घालणं हे लहानांवर लादायचं काही आहे, असंही सगळीकडे मानत नाहीत. जुळ्यांच्या जन्माचं प्रमाण जगात सर्वाधिक असणाऱ्यांत नायजेरियातले योरुबा लोक मोडतात. त्यांच्याकडे जुळ्यांना सारखं नटवणं ही मानाची रीत आहे, आणि लग्नासमारंभात अख्ख्या कुटुंबाने एकाच कापडाचे पोशाख शिवून घेण्याची प्रथा तर मोठ्या माणसांचीच. अमेरिकेतल्या ओहायोमध्ये ट्विन्सबर्ग नावाच्या गावात 1976 पासून दर वर्षी जुळ्यांचा मेळा भरतो. साठी उलटलेले भाऊ, नातवंडं असलेल्या बहिणी हौसेने अगदी सारखे कपडे घालून तिथे येतात. आपल्याकडेही भाच्याच्या लग्नात चार बहिणी एकाच रंगाच्या साड्या ठरवून नेसतात आणि त्यात त्यांचा आनंद ओसंडून वाहतो. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून माझं मत असं. सणाला, लग्नाला, प्रवासाला घाला, जरूर घाला. एकाच कापडाचं एकीला परकर-पोलकं, दुसरीला कुर्ता शिवता येतो. शिंप्याला सांगितलं की तो आनंदाने वेगळी काट काढून देतो. रोजचे कपडे ज्याचे त्याचे. आणि मूल तीन वर्षांचं झालं की त्याला विचारल्याशिवाय नाही.

विचारलं की घरात खरी अडचण उभी राहते ती एकच. धाकटीला ताईसारखंच हवं असतं आणि ताईला ते मुळीच नको असतं. अशा वेळी बहुतेक घरांत थोरलीला सांगितलं जातं, तू मोठी ना, मग घाल की एक दिवस. ते सांगू नये. धाकटीला ताईसारखा फ्रॉक द्यावा, कारण तिला तो मनापासून हवा आहे. थोरलीला त्या दिवशी दुसरं काहीतरी घालू द्यावं. धाकटी रडेल, तर तिला जवळ घेऊन समजावण्याचं काम आईने किंवा बाबांनी करावं, थोरलीवर सोडू नये.